कंपनीने विकल्या म्हणजे लोकांनी घेतल्या असं नाही

डिचोलीचा माझा मावसभाऊ गेले दोन महिने गाडी घ्यायच्या मागे आहे, आणि त्याने मनाशी असा एक ब्रँड धरलाय ज्याची गाडी आमच्या अख्ख्या वाड्यावर अजून एकही नाही. नाव सांगत नाही, मुद्दा त्या ब्रँडचा नाहीच. परवा जेवायला बसलो तर पान वाढायच्या आधी याचा फोन पुढे. "दादा हे बघ, विक्री एका वर्षात दुप्पट. लोक घेतायत म्हणून तर वाढतेय ना?" मी विचारलं, कुठली विक्री? तर म्हणे विक्री म्हणजे विक्री, त्यात कुठली काय.

तर हेच ते. हा घोळ मी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलाय की आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

गाडी दोनदा विकली जाते. एकदा कंपनी डीलरला विकते आणि मग डीलर तुम्हाला विकतो. पेपरवाले पहिलीला घाऊक आणि दुसरीला किरकोळ म्हणतात (पंधरा लाखांची गाडी आणि किरकोळ विक्री, डोक्यात जातो हा शब्द माझ्या), आणि शोरूममधली पोरं सरळ बिलिंग आणि पासिंग म्हणतात. मीही तेच म्हणणार.

पासिंग सगळ्यांना माहीत आहे. लोन, इन्शुरन्स, आरटीओ, जीए-०३ का जीए-०४, झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, शेजारी पेढे. यावर शब्द खर्च करत नाही.

बिलिंग मात्र कुणी बघितलेलं नसतं म्हणून सगळी गडबड होते. दर महिन्याच्या १ तारखेला कंपन्या जो आकडा जाहीर करतात आणि आपण "अमक्याने एवढ्या गाड्या विकल्या" म्हणून फॉरवर्ड करतो, तो बहुतेक वेळा डीलरकडे रवाना केलेल्या गाड्यांचा असतो. कंपन्यांची संघटना सियाम, तिचे महिन्याचे आकडेही असेच डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे. गाडी कारखान्यातून निघाली, डीलरच्या नावे बिल फाटलं, कंपनीच्या दृष्टीने विषय संपला, कारण डीलर पैसे देऊन मोकळा झालेला असतो, बहुतेक वेळा बँकेचं कर्ज काढून. ती गाडी पुढे चार दिवसांत कुणाच्या दारात लागली का चार महिने यार्डात उन्हं खात बसली, हे त्या आकड्यात दिसतच नाही.

हे मी जवळून पाहिलंय. माझा एक मित्र काही वर्षं वेर्ण्याच्या बाजूला अशाच एका नवख्या ब्रँडच्या शोरूमला होता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याला न्यायला गेलो तर त्याचे साहेब फोनवर, पलीकडे कंपनीचा एरिया मॅनेजर, आणि चर्चा काय तर आणखी आठ गाड्या घ्याच म्हणून. साहेब म्हणतायत अहो मागच्याच उभ्या आहेत, आणि पलीकडून तेच तेच, टार्गेट, टार्गेट, टार्गेट. शेवटी साहेबांनी हो म्हटलं. आठ गाड्यांचं बिल त्या रात्री झालं, गाड्या त्या वेळी ट्रेलरवर, अनमोडच्या घाटाच्याही पलीकडे कुठेतरी. दुसऱ्या दिवशी देशाच्या आकड्यात त्या आठ गाड्या विकल्या गेलेल्या होत्या.

त्यातल्या काही मी जुलैमध्ये त्याच यार्डात परत पाहिल्या. पावसाने गवत बंपरपर्यंत आलेलं, पांढऱ्या बॉनेटवर पानांचे चहासारखे डाग, एक पोरगा जंपर केबल घेऊन एकेक बॅटरी जागी करत फिरत होता कारण नाहीतर त्या उठतच नाहीत. मित्र म्हणाला, व्याज चालूय रे प्रत्येकीवर, रोज.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. बिलिंग आणि पासिंगमध्ये फरक असतो हे पुष्कळांना ऐकून माहीत असतं, आणि ते म्हणतात की थोडं मागेपुढे होणारच, वर्षअखेर हिशोब जुळतो. जुन्या, बस्तान बसलेल्या कंपनीच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरंय. मारुतीची शोरूम आधीच गावोगाव आहेत, त्यांच्या टाक्या, म्हणजे डीलरांची यार्डं, भरलेल्या आहेत, जेवढं खालून वाहतं तेवढंच वरून ओततात. नव्या ब्रँडच्या बाबतीत हे साफ चुकतं, कारण नवा ब्रँड वाढतो तेव्हा गिऱ्हाईक वाढायच्या आधी शोरूम वाढतात. आणि प्रत्येक नवीन शोरूम म्हणजे एक रिकामी टाकी.

साधा हिशोब करू, आकडे मनचे आहेत. समजा एका ब्रँडची देशात ३० शोरूम आहेत आणि लोक महिन्याला ३०० गाड्या घेतात. कंपनी ठरवते की सहा महिन्यांत आणखी ६० उघडायची, महिन्याला १०. प्रत्येक नव्या शोरूमला दोन गाड्या काचेमागे उभ्या करायला, दोन टेस्ट ड्राइव्हला आणि आठ यार्डात, कारण गिऱ्हाइकाला लाल हवी असेल तर लाल दाखवावी लागते. झाल्या १२. म्हणजे महिन्याला १२० गाड्या निव्वळ टाक्या भरायला गेल्या. बिलिंग ३०० वरून ४२०, बातमी काय येणार तर "विक्रीत ४० टक्के वाढ". गिऱ्हाईक किती वाढलं? एकही नाही, तेच ३००.

आणि सहा महिन्यांनी शोरूम उघडणं थांबलं की काय होतं बघा. टाक्या भरल्या, बिलिंग परत ३०० वर, आता बातमी "विक्री जवळजवळ २९ टक्के घसरली", आणि तोच मावसभाऊ घाबरून फोन करणार की दादा हा ब्रँड बुडतोय का. अरे बाबा काहीच झालेलं नाही, लोक पहिल्यापासून तेवढेच घेत होते, चढतानाही आणि उतरतानाही. नव्या ब्रँडचं बिलिंग वाढताना खोटा उत्साह देतं आणि कमी होताना खोटी भीती. माझ्या मते पहिली दोन वर्षं तर ते बघूच नये.

खरं उदाहरण हवं असेल तर किया बघा. २२ ऑगस्ट २०१९ ला सेल्टॉस आली आणि त्याच महिन्यात, म्हणजे जेमतेम दहा दिवसांत, कंपनीचा आकडा सहा हजारांच्या वर गेला. सुरुवातीलाच त्यांनी देशभर अडीचशेच्या वर शोरूम आणि सर्व्हिसची ठिकाणं उभी केलेली, तेव्हा त्या सहा हजारांत टाक्या भरणं किती होतं हे तुम्हीच धरा. पण कियाच्या बाबतीत खालचा नळही तितकाच मोठा उघडा होता, बुकिंग आधीच झालेली होती आणि पुढच्या महिन्यांत गाड्या रस्त्यावर दिसल्याच. म्हणजे पहिल्या महिन्याचा आकडा बघून किया चालणार का नाही हे कळलं नसतं, पुढच्या सहा महिन्यांच्या पासिंगने कळलं.

उलट नवख्याच काय, सगळ्याच कंपन्यांच्या टाक्या काठोकाठ भरल्या की काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. डीलरांची संघटना फाडाने सप्टेंबर २०२४ चे आकडे देताना सांगितलं की देशभर डीलरांकडे ७.९ लाख गाड्या उभ्या आहेत, किंमत ७९,००० कोटी रुपये, म्हणजे ८० ते ८५ दिवसांचा माल. त्यांच्या मते २१ दिवसांचा पुरतो. फाडा डीलरांचीच संघटना, रडगाणं जरा वरच्या सुरात असणार हे धरून चला, तरी २१ कुठे आणि ८० कुठे. पुढच्या वर्षी आणखी एक तऱ्हा, १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार असं कळल्यावर गिऱ्हाईक हात बांधून बसलं ते थेट २२ सप्टेंबरपर्यंत, आणि डीलरकडे जुना सेस (जीएसटीच्या वरचा जादा कर) भरून घेतलेला माल तसाच.

पासिंगचा आकडा कुठे मिळतो असं विचारतात. केंद्र सरकारचं वाहन डॅशबोर्ड आहे, उघडं आहे, फुकट आहे, फोनवर जरा रडतं पण चालतं. एका बाजूला मेकर निवडा, दुसऱ्या बाजूला महिना, राज्य गोवा, हवं तर खाली म्हापसा का फोंडा तेही. फाडाही याच डेटावरून आपले आकडे काढते. (तेलंगणाचा डेटा बरीच वर्षं त्यात येत नव्हता, तेव्हा जुने आकडे ताडून बघणार असाल तर लक्षात ठेवा.) नावांनी मात्र फसायला होतं. तिथे ब्रँडचं नाव नसतं, कंपनीचं कागदोपत्री नाव असतं. सिट्रोएन किंवा जीप शोधायची तर स्टेलांटिस शोधा, जुन्या आकड्यांत सिट्रोएन पीसीए ऑटोमोबाइल्स आणि जीप एफसीए इंडिया या नावाखाली होती, आणि स्कोडा-फोक्सवॅगन एकाच नावाखाली, त्यामुळे कोणाच्या किती ते वेगळं निघतच नाही. आमच्या एका ग्रुपवर एकाने "सिट्रोएनची गोव्यात शून्य पासिंग" असं छातीठोक टाकलेलं, का, तर त्याने सी अक्षराखाली शोधलं.

आता गोव्याची आपली खास भानगड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ४५ टक्के घरांत कार निघाली, देशाची सरासरी ८ टक्क्यांच्याही खाली. त्यामुळे प्रत्येक नव्या ब्रँडला गोवा हवा असतो. पण इथे "रस्त्यावर खूप दिसायला लागल्यात" याला मी पुरावा मानत नाही, आणि कुणी मला हा पुरावा दिला की मी आधी पाटी विचारतो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे रेंट-अ-कार. एका धंदेवाल्याने सवलतीत दहा गाड्या उचलल्या तर त्या दहा गाड्या रोज कळंगूट ते पाळोळे फिरतात, आणि वाटतं की बापरे हा ब्रँड सगळीकडे आहे. पासिंग खरी आहे, मान्य, पण दहा कुटुंबांनी विचार करून घेतलेल्या गाड्या नाहीत त्या. डॅशबोर्डवर मोटर कार आणि मोटर कॅब (भाड्याची) वेगळं काढता येतं, काढा.

म्हणजे पासिंगही गंगाजल नाही. टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या पुष्कळदा डीलरच्याच नावावर पास होतात आणि वर्षाने "डेमो कार, कमी चाललेली" म्हणून विकल्या जातात. चीनमध्ये २०२५ मध्ये यावरून केवढा गदारोळ झाला, गाड्यांची नोंदणी करून टाकायची आणि मग शून्य किलोमीटर चाललेली सेकंडहँड म्हणून विकायची, आणि हे बोलून दाखवणारा माणूस बाहेरचा नव्हता, ग्रेट वॉल मोटरचा अध्यक्षच होता. आणि व्हिएतनामच्या विनफास्टचं बघा, जिचा आपल्याकडे तुतुकुडीला ऑगस्ट २०२५ मध्ये कारखाना सुरू झाला. २०२३ मध्ये त्यांनी जवळपास ३५ हजार गाड्या दिल्या, त्यातल्या बहुतेक गेल्या जीएसएम नावाच्या टॅक्सी कंपनीला, आणि ती टॅक्सी कंपनी कोणाची, तर विनफास्टच्याच संस्थापकाची. गाड्या रस्त्यावर धावतायत, खोटं काही नाही. पण डाव्या खिशातून उजव्या खिशात गेलेल्या नोटेला मी कमाई म्हणत नाही.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत, पटकन सांगतो. बुकिंग ही विक्री नव्हे, एमजीच्या विंडसर गाडीला ऑक्टोबर २०२४ मध्ये २४ तासांत १५,१७६ बुकिंग झाली आणि त्या महिन्यात विंडसरचा कंपनीनेच दिलेला विक्रीचा आकडा तीन हजारांच्या थोडा वर होता (गाडी पुढे चांगली चालली, तो भाग वेगळा). निर्यात वेगळी काढा, निस्सानची २०२४-२५ मधली निर्यात देशातल्या विक्रीच्या दुपटीहून जास्त होती. आणि टक्के बघू नका, गेल्या वर्षी ४ आणि यंदा १२ म्हणजे २०० टक्के वाढ होते.

तर मावसभावाला मी तिथेच डॅशबोर्ड उघडून दिलं. त्याच्या ब्रँडचं देशातलं बिलिंग दुप्पट झालेलं खरं, पण शोरूमही त्याच वर्षात जवळजवळ दुप्पट, आणि गोव्याचा पासिंगचा रकाना एका हाताच्या बोटांवर मोजता येईल असा. तो जरा हिरमुसला. मी म्हटलं घेऊ नको असं मी म्हणतच नाही, गाडी चांगली आहे, चालवून बघितलीय मी. फक्त लोक घेतायत म्हणून घेऊ नको, आणि जायच्या आधी एक काम कर, गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचार आणि कागदावर बघ, फॉर्म २२ वर असतं, पुढे आरसीवरही येतं.

गेला. सेल्समन आधी म्हणाला सर एकदम फ्रेश स्टॉक. कागद मागितल्यावर दहा मिनिटं आत गेला आणि मग मॅनेजरच बाहेर आले, चहा आला. गाडी निघाली गेल्या नोव्हेंबरची. आठ महिने कुणाच्या तरी आकड्यात विकलेली आणि प्रत्यक्षात यार्डात. मावसभावाने बॅटरी नवीन, टायर तपासून आणि वर घसघशीत डिस्काउंट असं सगळं लिहून घेतलं, मग हो म्हटलं.

चवथीच्या आधी डिलिव्हरी आहे. मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही, तिचा प्रश्न एवढाच की गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सगळं सामान डिकीत मावेल ना.