घाटात रनर पुढे दिसला की घंटी कधी वाजवायची?

(आमच्या सर्व सायकलस्वार आणि पळणाऱ्या ग्राहकांसाठी)

पावसाळा लागला की यवतेश्वरच्या घाटात पहाटे दोन प्रकारची मंडळी एकत्र येतात. सप्टेंबरमधल्या हिल मॅरेथॉनची तयारी करणारे रनर, आणि कासच्या रस्त्याला चढ मारायला निघालेले सायकलवाले. २०१२ साली ही २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन साताऱ्यात सुरू झाली आणि त्याच वर्षी कास पठार जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून या रस्त्यावर पळणारे, सायकलवाले आणि फुलं बघायला येणाऱ्या गाड्या, तिन्ही वाढत गेले. रस्ता मात्र घाटाचाच आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कठडा, फुटपाथ कुठेच नाही.

दुकानात आलेले सायकलवाले विचारतात, "रनर बाजूलाच होत नाहीत, करायचं काय?" आमचेच काही ग्राहक पळतातही. ते विचारतात, "सायकलवाले अंगावर का येतात?" दोघांचं म्हणणं खरं आहे. दोन्ही प्रश्नांचं उत्तर दर वेळी काउंटरवर उभं राहून नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. सुरुवात सायकलवाल्यांपासून करतो, कारण ज्याचा वेग जास्त, त्याच्याकडे जबाबदारी जास्त.

सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीने होतो: घंटी फार उशिरा वाजते. सायकल रनरच्या पाठीशी पोचते आणि मग अंगठा घंटीकडे जातो. रनर दचकतो आणि मागे वळून बघतो. माणूस उजव्या खांद्यावरून मागे बघायला लागला की त्याचे पाय आपोआप उजवीकडे सरकतात. तुम्ही त्याला ओलांडायला नेमके उजवीकडूनच निघालेले असता. त्याने मुद्दाम काही केलेलं नसतं. तुम्ही त्याला विचार करायला वेळच दिलेला नसतो.

हिशोब सोपा आहे. सपाटीला तुमचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर सायकल सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. किलोमीटरला सहा मिनिटं लावणारा रनर ताशी १० ने पळत असतो. म्हणजे तुमच्या दोघांमधलं अंतर सेकंदाला साडेपाच मीटरने कमी होतं. पाच मीटरवर घंटी वाजवली तर त्याच्याकडे एक सेकंदही उरत नाही. तीच ३० मीटरवर वाजवली तर त्याला पाच सेकंद मिळतात: ऐकायचं, समजून घ्यायचं आणि कडेला सरळ पळत राहायचं. ३० मीटर म्हणजे सात-आठ मोटारी एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर. पहिल्या घंटीला त्याने काही खूण केली नाही, हात वर केला नाही, मान हलवली नाही, तर दहा-पंधरा मीटरवर पुन्हा वाजवा आणि ब्रेकवर बोटं ठेवा. त्यालाही प्रतिसाद नसेल तर कानात इअरफोन आहेत असं समजा आणि त्याच्या वेगाने मागे या. रस्ता मोकळा दिसला की लांबून, किमान हातभर नव्हे, चांगलं दीड मीटर अंतर सोडून पुढे जा.

थांबायला लागणारं अंतरही एकदा बघून ठेवा. ताशी ३० ला, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील, तर मेंदूला कळून बोटं दाबली जाईपर्यंत आठ मीटर गेलेले असतात आणि नंतर थांबेपर्यंत आणखी सात. ताशी ४० ला हे सगळं मिळून २३ मीटरच्या आसपास जातं. हे कोरड्या, सपाट रस्त्याचे आकडे आहेत. उतारावर, ओल्या रस्त्यावर आणि रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला धरणारे) असतील तर अंतर बरंच वाढतं, कारण रिमवरचं पाणी आधी पुसलं जातं आणि मग ब्रेक धरतो. यवतेश्वरच्या उतारावर ताशी ४० गाठायला पॅडलसुद्धा मारावं लागत नाही.

ओरडण्याबद्दल एक सांगतो. "उजवीकडून!" असं ओरडू नका. पळताना धाप लागलेल्या माणसाला शेवटचं अक्षर ऐकू येत नाही, आणि तो सांगितलेल्या बाजूलाच सरकतो. "सायकल आली, दादा" किंवा "ताई, सायकल" एवढं पुरे. ओलांडून गेलात की हात वर करा. पुढच्या वेळी तोच माणूस तुमच्यासाठी आपणहून कडेला होतो, हे आम्ही पाहिलं आहे.

ग्रुपने जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पुढचा एकटा घंटी वाजवतो, रनर कडेला होतो, पहिली सायकल गेली की त्याला वाटतं झालं, आणि तो पुन्हा आत येतो. तिसऱ्या-चौथ्या सायकलला तो सापडतो. म्हणून पुढच्याने जाता जाता सांगायचं, "मागे अजून पाच आहेत." शेवटच्याने सांगायचं, "मी शेवटचा." रनर दिसला की दोघांनी शेजारी-शेजारी चालवणं थांबवून एका रांगेत या. गप्पा समर्थ मंदिरापाशी चहाला होतातच.

आता आमच्या एका सवयीबद्दल, कारण तिच्यावरून कुरकुर होते. गिअरची सायकल घेणारे, विशेषतः रोड बाइक घेणारे, पहिल्या दिवशीच म्हणतात, "घंटी काढून टाका, वजन वाढतं आणि दिसते वाईट." आम्ही घंटी बसवूनच सायकल देतो आणि काढायला सांगितलंत तर एकदा समजावतो. तरीही नकोच असेल तर काढून तुमच्या हातात देतो. सायकल तुमची आहे. पण पितळी छोटी घंटी चाळीस-पन्नास ग्रॅमची असते. बाटलीतलं पाण्याचं दोन घोट वजन. मागच्या चाकाच्या हबचा, म्हणजे मधल्या भागाचा, टकटक आवाज येतो, तो पुरेसा आहे, असं काही जण म्हणतात. तो आवाज पॅडल थांबवल्यावरच येतो आणि वाऱ्यात रनरपर्यंत पोचत नाही.

घंटी कुठे बसवली आहे हे तिच्या आवाजाइतकंच महत्त्वाचं आहे. ब्रेकच्या लिव्हरवरून बोट न उचलता अंगठा तिच्यापर्यंत गेला पाहिजे. बऱ्याच सायकलींवर ती हँडलच्या मध्यावर, लाइट आणि मोबाइल स्टँडच्या गर्दीत असते. तिथे हात नेईपर्यंत ब्रेक सुटलेला असतो. तुमच्या हाताच्या मापाने ती जागा बदलून देण्याची मजुरी आम्ही घेत नाही, सायकल आमच्याकडून घेतलेली नसली तरी. घंटी नवीन लागली तर तेवढेच पैसे.

पळणाऱ्या ग्राहकांना आता चार शब्द. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी माणसाने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं जावं, हा जुना आणि योग्य सल्ला आहे. घाटात त्याला एक अपवाद करावा लागतो. तुम्ही चढत असता आणि उजवी कड धरता, तेव्हा उतरणारी सायकलही त्याच कडेने येत असते, कारण ती तिची डावी कड. सरळ पट्ट्यावर दोघे एकमेकांना लांबून बघता, अडचण नाही. तुम्ही कडेला सरळ पळत राहायचं, सायकलवाल्याने मागचं बघून बाहेर यायचं. पण जिथे डोंगर वळणाच्या आतल्या बाजूला असतो, तिथे आतल्या कडेचा माणूस उतरणाऱ्याला फार उशिरा दिसतो. असं वळण यायच्या आधीच मागेपुढे बघून वळणाच्या बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपलं की परत या. सायकलवाल्यांनीही अशा वळणावर आतली कड चाटत उतरू नये. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. आपल्या लेनच्या मधून या, पण रस्त्याची मध्यरेषा ओलांडू नका.

दुसरी गोष्ट घड्याळाची. जीपीएस घड्याळाने पाच किलोमीटर झाल्याचा बीप दिला की काही जण तिथल्या तिथे परत फिरतात. मागे न बघता. वळायच्या आधी कडेला थांबा, मागे बघा, मग वळा. धुकं असताना तर हे फारच गरजेचं. इअरफोन लावायचेच असतील तर रस्त्याकडचा कान मोकळा ठेवा. आणि चार-पाच जण मिळून पळत असाल तर रस्त्याची रुंदी वाटून घेऊ नका.

सायकलवाल्यांनो, पुढे डबकं, चिखल किंवा कुत्रं दिसलं की रनर तुमच्या वाटेत येणार हे आधीच धरून चाला. पावसाळ्यात कडेला शेवाळ असतं, म्हणून तो डांबरावरच पाय टाकणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

लाइटबद्दल थोडक्यात. पुढचा लाइट रस्त्याकडे झुकवून लावा; उजेड समोरच्याच्या छातीच्या वर जाता कामा नये. दाट धुक्यात सरळ सोडलेला पांढरा झोत परत तुमच्याच डोळ्यांवर येतो आणि समोरून चढणाऱ्या रनरला डबक्याऐवजी फक्त पांढरं दिसतं. पुढचा लाइट लुकलुकता ठेवू नका, त्याने अंतर कळत नाही. मागचा लाल लाइट धुक्यात दिवसाही चालू राहू द्या. रनरने पहाटे काळा टी-शर्ट घालू नये. दुकानात चमकणाऱ्या पट्ट्या आहेत. पायाच्या घोट्याला बांधल्या तर जास्त चांगल्या दिसतात, कारण घोटा सतत हलत असतो.

इतकं करूनही कधी धडक होते, कधी रनरला चुकवताना सायकल घसरते. आधी माणसाला लागलंय का ते बघा, सायकल नंतर. आणि सायकल आमच्याकडे आणाल तेव्हा पडलात हे स्पष्ट सांगा. "जरा गिअर सेट करून द्या" एवढंच सांगून सायकल ठेवून जाणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच आमचा आणि तुमचा वेळ जातो. सायकल उजव्या बाजूला पडली की मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकू शकतो. अॅल्युमिनियमचा तो छोटा तुकडा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. वाकलेला डोळ्यांना कळत नाही. सपाटीवर गिअर थोडेफार चालतात. मग पुढच्या रविवारी घाटात तुम्ही सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन टाकता, डिरेलर आत झुकलेला असल्यामुळे स्पोकमध्ये अडकतो, आणि हँगर, डिरेलर, कधी चाकसुद्धा जातं. शंभर-दोनशेच्या कामाचं काही हजारांचं काम होतं.

म्हणून पडलेल्या सायकलला आम्ही आधी हँगरचं माप लावतो, चाक स्टँडवर फिरवून आऊट (वाकडं फिरतंय का ते) बघतो, हँडल आणि पुढचं चाक धरणारा फोर्क तपासतो, आणि मगच गिअरला हात लावतो. याला वेळ लागतो, त्यामुळे अशी सायकल त्याच दिवशी मिळत नाही. फोर्क कार्बनचा असेल आणि त्यावर चीर दिसली, तर तो आम्ही दुरुस्त करून देत नाही, बदलायलाच सांगतो. काहींना वाटतं आम्ही माल खपवतोय. उतारावर तुटलेल्या फोर्कचं काय होतं याची कल्पना असल्यामुळे या एका बाबतीत आम्ही भाव-ताव करत नाही.

पावसाळ्याच्या महिन्यांत ब्रेक पॅड लवकर झिजतात, कारण ओल्या रस्त्याची वाळू त्यांत बसते. रविवारी घाटात जायचं असेल तर सायकल गुरुवारपर्यंत आणा. शनिवारी संध्याकाळी आलेली सायकल आम्ही घाईत करून देत नाही. घंटीची जागा बदलणं किंवा लाइट झुकवून देणं मात्र केव्हाही होतं. पाच मिनिटांचं काम आहे, थांबलात तरी चालेल.