ओट्यावरची कळशी: कुठल्या बलाची जोडी कुठल्या बलाशी?

माझा भाचा नववीत आहे. न्यूटनचा तिसरा नियम त्याला तोंडपाठ: प्रत्येक क्रिया बलाला तेवढंच आणि विरुद्ध दिशेचं प्रतिक्रिया बल असतं. उदाहरण दे म्हटलं, तर त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या भरलेल्या कळशीकडे बोट दाखवलं. “हे काय मामा, समोरच आहे. पृथ्वी कळशीला खाली ओढते, ओटा तिला वर रेटतो. दोन्ही सारखी, दोन्ही उलटी.”

उत्तर चुकलं. पण त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, मीही बारावी होईपर्यंत हेच उदाहरण छातीठोकपणे देत होतो. ‘समान आणि विरुद्ध’ हे दोन शब्द दिसले की आपण डोळे मिटून तिसऱ्या नियमाचा शिक्का मारतो. प्रत्यक्षात हे वर्णन दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लागू पडतं. एक म्हणजे संतुलित बलं, दुसरी क्रिया-प्रतिक्रियेची जोडी.

कळशी पाण्यासकट 10 किलोची धरू. पृथ्वी तिला साधारण 98 न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक) बलाने खाली ओढते, ओटा तितक्याच बलाने वर रेटतो. ही दोन्ही बलं कळशीवरच लागतात. त्यांची बेरीज शून्य, म्हणून कळशी जागची हलत नाही. हा पहिल्या नियमाचा प्रांत, तिसऱ्याचा इथे संबंध नाही.

मग तिसऱ्या नियमातली जोडी कुठे आहे? ती शोधायची सोपी युक्ती: वाक्यातली दोन नावं उलटी करायची. ‘पृथ्वी कळशीला ओढते’ याची जोडी ‘कळशी पृथ्वीला ओढते’. ‘ओटा कळशीला वर रेटतो’ याची जोडी ‘कळशी ओट्याला खाली दाबते’. म्हणजे जोड्या दोन आणि बलं चार. प्रत्येक जोडीत बलाची जातही एकच, गुरुत्वाकर्षणाला गुरुत्वाकर्षण आणि स्पर्शाच्या रेट्याला स्पर्शाचा रेटा. भाच्याने एका जोडीतलं एक आणि दुसरीतलं एक उचलून त्यांचं लग्न लावलं होतं.

“कळशी पृथ्वीला ओढते?” त्याला हसू आलं. ओढते, 98 न्यूटननेच. फक्त पृथ्वीचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं इतके किलो, त्यामुळे तिच्यात येणारं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, कुठल्याही यंत्राला कळणार नाही इतकं किरकोळ असतं. बल सारखं असलं तरी परिणाम सारखा होत नाही, तो वस्तुमानावर ठरतो. हे दुसऱ्या नियमाचं काम.

तरी त्याला पटेना. मग माळ्यावरचा जुना, तबकडीवर फिरणाऱ्या काट्याचा वजनकाटा काढला आणि आम्ही सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरलो. (डिजिटल काटा इथे कामाचा नाही. बरेचसे एकदा आकडा दाखवून तिथेच थांबतात.) भाचा काट्यावर उभा, वजन 50 किलो. सातव्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट उचलली गेली तेव्हा काटा झटकन पुढे सरकला, मग पुन्हा 50 वर आला आणि सातवा मजला येता येता खाली उतरला. वॉचमन दारातून आमच्याकडे बघत होता, ते सोडा.

हिशोब असा. पृथ्वी भाच्याला 490 न्यूटनने ओढते, त्यात लिफ्टमुळे काडीचा फरक पडत नाही. लिफ्ट सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद या दराने वेग वाढवत असेल, तर त्यालाही वर नेण्यासाठी 50 न्यूटन जास्त लागतात. म्हणून काटा त्याला 540 न्यूटनने वर रेटतो आणि तबकडीवर 55 किलो दिसतात. म्हणजे 490 आणि 540! ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती, तर असं कधीच झालं नसतं. भाचा काट्याला दाबतो 540 ने, काटा भाच्याला रेटतो 540 ने. ही खरी जोडी, लिफ्ट चढो, उतरो की अडको, ती मोडत नाही. संतुलन मात्र मोडू शकतं. मधल्या मजल्यांवर एकसारख्या वेगाने जाताना काटा 50 वर आला, तेव्हा लिफ्ट चालू असूनही बलं संतुलित होती. हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही.

दुसरा घोटाळा बैलगाडीचा. बैल गाडीला जितकं ओढतो तितकंच गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी चालते कशी? खुद्द न्यूटनने 1687 च्या ग्रंथात दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचं उदाहरण दिलंय. इथे लोक उलटी चूक करतात, खऱ्या जोडीला संतुलित बलं समजून एकमेकांत वजा करतात. पण एक बल गाडीवर आहे, दुसरं बैलावर. माझ्या खात्यातून शंभर रुपये गेले आणि तुझ्या खात्यात शंभर आले, तर कुणाचीच शिल्लक बदलली नाही असं म्हणायचं का? गाडीपुरतं बघा: बैलाची ओढ चाकांच्या अडथळ्यापेक्षा जास्त झाली की गाडी हलते. बैलापुरतं बघा: तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे. पावसाळ्यात चिखलात खूर घसरतात, तेव्हा जमिनीला नीट रेटताच येत नाही, मग जमीन तरी काय परत देणार? रस्सीखेचीतही पायाची पकडच जिंकते, दोर दोन्ही संघांना जवळपास सारखाच ओढत असतो.

थोडा दोष शब्दाचाही आहे. आपल्याकडे प्रतिक्रिया म्हणजे आधी कुणीतरी काहीतरी केलं आणि मग उमटलेली ती. भौतिकशास्त्रात आधी-नंतर नाही. दोन्ही बलं एकाच क्षणी असतात, कुणालाही क्रिया म्हणा, उरलेली प्रतिक्रिया.

खाली येताना भाच्याने विचारलं, “लिफ्टचा दोर तुटला तर काटा किती दाखवेल?” शून्य. लिफ्ट, काटा आणि तो सगळे एकाच त्वरणाने पडतील, कुणी कुणाला दाबणार नाही. पृथ्वीची 490 न्यूटनची ओढ मात्र तशीच राहील, आणि तिची जोडीदार म्हणून पृथ्वीवरची त्याची ओढही. तो काही बोलला नाही, पण तळमजला येण्याआधीच काट्यावरून उतरला.