खुसरो या नावातला 'स' आला कुठून?

"इराणी लोकांना स म्हणता यायचा नाही म्हणून सिंधूचं हिंदू झालं" हे फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच असतं. अहो पण सरदार, साल, सिपाही हे शब्द फारसीतूनच आलेत, त्यात स आहे की ढळढळीत! भानगड समजायला खुसरो हे एक नाव पुरेसं आहे.

अवेस्तात (पारश्यांचा जुना धर्मग्रंथ, त्याच्या भाषेलाही अवेस्ताच म्हणतात) ते 'हओस्रवह' असं येतं आणि ऋग्वेदात सुश्रवस् नावाचा राजा आहे. माणूस तोच असं नाही, नाव मात्र तेच, चांगली कीर्ती असलेला. आता अक्षरं शेजारी ठेवून बघा. पहिल्या स चा ह, शेवटच्याचाही ह, पण मधल्या श च्या जागी मात्र स! म्हणजे जुना स स्वराच्या आधी आला की ह व्हायचा (सप्त-हप्त, सोम-हओम), त, क, प च्या आधी आला की तसाच राहायचा, म्हणून हस्तचं दस्त झालं तरी स शाबूत. आणि आपल्याकडे जिथे श आहे तिथे त्यांच्याकडे नवा स तयार झाला, शिरस्-सर, शत-सद, शरद्-साल. यात जीभ न वळण्याचा प्रश्नच नाही, नियम आहे, आणि तो बहुतेक शब्दांना लागतो. अवेस्ता ही संस्कृतची लेक नव्हे, बहीण, हेही जाता जाता.

पुढे पहलवीत, म्हणजे मधल्या काळातल्या फारसीत, हुस्रव आणि मग ह चा ख होऊन खुसरो. पार्थियाचा, म्हणजे इराणातल्या जुन्या साम्राज्याचा राजा ओस्रोएस, ज्याच्या काळात रोमन सम्राट ट्राजननं इ.स. 116 मध्ये त्यांची राजधानी टेसिफोन घेतली, तोही याच नावाचा. त्यानंतर इराणवर राज्य करणाऱ्या सासानी घराण्यातला पहिला खुसरो (531–579) म्हणजे नौशेरवान, त्याच्याच दरबारातल्या बुर्झोय वैद्यानं पंचतंत्र पहलवीत नेलं. अरबांनी तर खुसरोचं 'किस्रा' करून कुठल्याही इराणी बादशहाला ते लावलं, म्हणून बाळांच्या नावांच्या साइटवर 'अर्थ: राजा, लकी नंबर अमुक' असं छापलेलं असतं. लकी कसलं? दुसरा खुसरो 628 मध्ये पोटच्या पोरानं गादीवरून खेचला आणि मारला गेला, जहांगीरनं आपल्या मुलाला, खुसरो मिर्झाला, बंडानंतर आंधळं करवलं आणि तो 1622 मध्ये बुऱ्हाणपूरला कैदेतच गेला. अमीर खुसरोचं (1253–1325) तेवढं बरं चाललं.

जुन्या इराणी कथांतल्या राजांना 'कय' लागायचं, ते आपल्या कवि शब्दाचं भावंड. कय-खुसरोचं पारश्यांकडे केखुश्रू झालं, लाडानं केकी. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात स्वतःला कोंडून घेऊन टेबलावर मांडामांड करून फोटो काढणारे केकी मूस, ते मूळचे केखुश्रू माणेकजी मूस. यात स चा परत श झालाय, पण सुश्रवस् मधला श परत आला म्हणून कुणी नवीन फॉरवर्ड काढू नका, हा श फार नंतरचा, जुन्याशी त्याचं काही नातं नाही.