मधल्या किमतीचा फोन: कोणती तडजोड चालेल, कोणती महागात पडेल

मधल्या किमतीच्या फोनमध्ये तडजोड असतेच. कंपनीने कुठेतरी हात आखडता घेतलेला असतो, म्हणूनच तो त्या किमतीत बसतो. तो कुठे आखडला आहे आणि तुमच्या रोजच्या वापराच्या आड येतो का, एवढेच पाहायचे असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले मेगापिक्सेल, वॉट, कोअर आणि जीबी खोटे नसतात. पण फोन तिसऱ्या वर्षी कसा चालेल हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी खोक्यावर नसतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

स्टोरेज: किती जीबी हे नंतर, आधी प्रकार विचारा

दोन-अडीच वर्षांचा फोन ‘स्लो झाला’ म्हणून दुरुस्तीला येतो, तेव्हा दोष रॅमला दिला जातो. खरा अडथळा पुष्कळदा स्टोरेजचा असतो. १२८ जीबीची चिप ईएमएमसी प्रकारची असू शकते किंवा यूएफएस प्रकारची. ईएमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी, यूएफएस २.२ ची सुमारे १,२०० आणि यूएफएस ३.१ ची सुमारे २,९००. प्रत्यक्षात वेग याहून कमीच मिळतो. पण वेगापेक्षाही मोठा फरक दुसराच आहे: ईएमएमसीला एका वेळी वाचता तरी येते किंवा लिहिता तरी, यूएफएसला दोन्ही एकदम जमते.

याचा अर्थ असा. मागे फोटोंचा बॅकअप चालू आहे, चार अ‍ॅप अपडेट होत आहेत आणि तेवढ्यात तुम्ही कॅमेरा उघडलात. ईएमएमसीच्या फोनमध्ये कॅमेऱ्याला रांगेत उभे राहावे लागते. पडदा काळा राहतो, बटण दाबले तरी काही होत नाही आणि कॅमेरा सुरू होईपर्यंत फोटो काढायचा क्षण निघून गेलेला असतो. नव्या रिकाम्या फोनवर हे जाणवत नाही, म्हणून दुकानात पाच मिनिटे हाताळून कळतही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशिलात स्टोरेजचा प्रकार पाहा. काही मॉडेलांत कमी जीबीच्या फोनला जुनी चिप आणि जास्त जीबीच्या फोनला नवी, असाही प्रकार असतो, तेव्हा तुम्ही घेणार तोच पर्याय तपासा.

‘८ जीबी + ८ जीबी’ रॅम लिहिलेली असेल तर दुसरे ८ जीबी ही रॅम नव्हे. तो स्टोरेजचाच उसना घेतलेला तुकडा असतो आणि रॅमच्या मानाने खूप संथ. खरी रॅम ८ जीबी असेल तर ही सोय सेटिंग्जमध्ये बंद करून दोन दिवस वापरून पाहा. बहुतेकांना फरक जाणवत नाही, आणि स्टोरेजवरची लिहिण्याची झीज वाचते.

प्रोसेसर: नावावर जाऊ नका

‘आठ कोअर’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग) याला फारसा अर्थ नाही. त्यातले मोठे किती, हे विचारा. स्नॅपड्रॅगन ६९५ या प्रोसेसरमध्ये दोन मोठे आणि सहा छोटे कोअर आहेत. स्नॅपड्रॅगन ७एस जेन २ मध्ये चार आणि चार. फोन उघडणे, टायपिंग, नकाशा, ब्राउझर यांचा चटपटीतपणा मुख्यतः मोठ्या कोअरवर अवलंबून असतो.

नावातली अक्षरे फसवी असतात. ७एस जेन २ ही ७+ जेन २ नंतर आली, तरी तिच्यापेक्षा बरीच कमी ताकदीची आहे. दोन्ही २०२३ मधल्याच, नावात फरक एका अक्षराचा.

आणखी एक गोष्ट प्रोसेसरच ठरवतो: व्हिडिओ. स्नॅपड्रॅगन ६९५ ला ४के, म्हणजे १०८०पी च्या चौपट ठिपक्यांचा, व्हिडिओ काढताच येत नाही. पुढे कितीही मेगापिक्सेलचा कॅमेरा लावा, चित्रण १०८०पी वरच थांबते. घरातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जपून ठेवणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

कॅमेरा: ५० आणि ५० मध्ये फरक

मधल्या किमतीच्या फोनमध्ये मुख्य कॅमेरा हल्ली दिवसाउजेडी चांगलाच असतो. फरक पडतो संध्याकाळी आणि घरातल्या दिव्यात. ५० मेगापिक्सेलचा एक सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) १/२.७६ इंचाचा असतो आणि त्याचा एकेक पिक्सेल ०.६४ मायक्रॉनचा. ५० मेगापिक्सेलचाच दुसरा १/१.५६ इंचाचा असतो, पिक्सेल १ मायक्रॉनचा. दुसऱ्याच्या पिक्सेलचे क्षेत्रफळ पहिल्याच्या जवळजवळ अडीचपट भरते, आणि प्रकाशही त्याच प्रमाणात जास्त गोळा होतो. खोक्यावर मात्र दोन्हीकडे ‘५० एमपी’ इतकेच. म्हणून सेन्सरचा आकार पाहा.

फोटो तसाही सहसा ५० मेगापिक्सेलचा निघत नाही. चार पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचा फोटो तयार होतो आणि तेच योग्य आहे. १०८ मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये नऊ पिक्सेल एकत्र होऊन १२ चा होतो. ५० किंवा १०८ ची सक्ती केल्यास फाइल जड होते आणि कमी प्रकाशात दाणे वाढतात.

ओआयएस, म्हणजे हात हलला तरी लेन्स किंवा सेन्सर स्वतः सरकून तोल सांभाळतो ती सोय, आमच्या मते या किमतीत कुठल्याही जादा कॅमेऱ्यापेक्षा मोलाची आहे. तिची मर्यादाही ओळखा: ती तुमच्या हाताचे थरथरणे सांभाळते, धावणारे मूल तरीही पुसटच येणार. २ मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळून फोटोसाठी) आणि डेप्थ (अंतर मोजण्यासाठी) कॅमेरे मात्र ‘तीन कॅमेरे’ म्हणता यावे एवढ्यापुरते असतात, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ८ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा) उजेडात एका चौकटीत पंधरा माणसे बसवायला उपयोगी, अंधारात फारसा नाही.

पडदा, बॅटरी, चार्जर

पडद्याच्या बाबतीत या श्रेणीत ग्राहकाची चंगळ आहे. अमोलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा पडदा) आणि १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणे) बहुतेक ठिकाणी मिळतात. ‘पीक ब्राइटनेस’चा मोठा आकडा मात्र बाजूला ठेवा, तो सहसा पडद्याच्या छोट्याशा भागावर क्षणभर मिळणारा उजेड असतो. संपूर्ण पडदा उन्हात किती उजळतो ते ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा सांगतो. वक्र कडांचा पडदा दिसायला देखणा, पण फुटला तर बदलायला महाग आणि त्यावर काच चिकटवणेही अवघड. सपाट पडदा घ्या.

५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. ६७ वॉट सतत मिळाले असते तर ती १७ मिनिटांत भरली असती. प्रत्यक्षात ४० ते ५० मिनिटे लागतात, कारण पूर्ण वॉट फक्त सुरुवातीला मिळतात आणि बॅटरी भरत आली की प्रवाह मुद्दाम कमी केला जातो. त्यामुळे ४५ आणि ६७ वॉटमधला फरक आकड्याइतका मोठा नसतो. अनेक कंपन्यांचे जलद चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालते, दुसऱ्यावर वेग बराच घसरतो. खोक्यात चार्जर आहे का आणि फोन यूएसबी पीडी (सर्व कंपन्यांना सामाईक असलेली चार्जिंगची पद्धत) किती वॉटपर्यंत घेतो, हे दोन्ही विचारा.

चार्जिंगचे छिद्र टाइप-सी असले तरी आत बहुधा यूएसबी २.० असते, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. ३० जीबीचे व्हिडिओ केबलने संगणकावर न्यायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. वर्षातून दोनदा करायचे काम असेल तर ही तडजोड खुशाल चालवून घ्या.

खोक्यावर न दिसणारा सेन्सर

कॉल घेऊन फोन कानाला लावला की पडदा बंद व्हायला हवा. काही फोनमध्ये त्यासाठीचा प्रॉक्सिमिटी सेन्सर गाळून ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते. मग पडदा मध्येच उजळतो, गाल ‘म्यूट’वर टेकतो आणि समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. हा दोष दुरुस्त करता येत नाही, कारण बिघडलेले काहीच नसते.

अपडेट कधीपासून मोजतात

गूगलच्या पिक्सेल ८ए ला सात वर्षे अपडेट जाहीर झाले, सॅमसंगच्या गॅलेक्सी ए५६ ला सहा. ही वर्षे तुम्ही फोन घेतलेल्या दिवसापासून नाही, मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत मिळत असेल तर तेवढी वर्षे वजा करूनच किंमत ठरवा. सुरक्षा अपडेट थांबले की बँकेची अ‍ॅप वापरताना धोका वाढतो, म्हणून ही तडजोड आम्ही कुणालाच सुचवत नाही.

घेण्याआधी हातात घेऊन

आधी कुणाला तरी कॉल लावा. फोन कानाला लावून तिरका, सरळ धरून पडदा बंद राहतो का पाहा. मग कमी उजेडाच्या कोपऱ्यात एका हाताने छापील मजकुराचे दहा फोटो काढा आणि झूम करून किती स्पष्ट आले ते मोजा, सात-आठ चांगले असतील तर ठीक. ४के असेल तर त्यात चालत चालत व्हिडिओ काढा. पुष्कळ फोनमध्ये ४के निवडले की स्थिरता बंद होते आणि चित्र उड्या मारते. शेवटी दहा मिनिटे सलग चित्रण चालू ठेवून मागची बाजू चाचपा. कोमट लागली तर हरकत नाही. हात ठेवता न येण्याइतकी तापली किंवा चित्रण आपोआप थांबले तर तो फोन सोडा.

फोनच्या तपशिलातला ‘आयपी’ आकडा धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगतो. आयपी६७ म्हणजे गोड्या पाण्यात १ मीटर खोलीवर ३० मिनिटे. आयपी५४ म्हणजे फक्त शिंतोडे. एकदा फोन उघडला की आतली चिकट पट्टी नव्याने लावल्याशिवाय हे संरक्षण उरत नाही, दुरुस्तीला देताना ती लावून मागा.

फोन घरी आल्यावर स्टोरेजचा १५ ते २० टक्के भाग कायम रिकामा ठेवा. चिपला जुना मजकूर आवरून नवा लिहायला मोकळी जागा लागते, ती संपली की यूएफएसही अडखळते. रात्रभर चार्जिंगला लावत असाल तर बॅटरी सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा चालू करा, आणि चार्ज होत असताना फोन उशीखाली ठेवू नका.