राजसोहळा, सहकुटुंब, भर पावसात

लंडनला पाऊस फार, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. आकडे वेगळं सांगतात. तिथे वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस होतो. पुण्यात त्याहून थोडा जास्तच होतो आणि मुंबईत तर एकट्या जुलैत त्याहून बराच अधिक. फरक आहे तो पावसाच्या स्वभावात. आपला पाऊस मुक्कामाला येतो, लंडनचा बाराही महिने ये-जा करतो. अटलांटिकवरून कमी दाबाची क्षेत्रं एकामागोमाग एक सरकत येतात, त्यामुळे जूनमधलं सकाळचं ऊन दुपारच्या जेवणापर्यंत टिकेल याची खात्री नसते. आणि याच देशाला आपले राजेशाही सोहळे रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली करायची हौस.

हवामानाशी जुळवून घ्यायचे प्रयत्न राजवाड्याने केले नाहीत असं नाही. सातवे एडवर्ड जन्मले ९ नोव्हेंबरला. लंडनचा नोव्हेंबर म्हणजे गारठा, धुकं आणि चार वाजता अंधार. लष्करी संचलन बघायला कोण येणार? म्हणून त्यांचा वाढदिवस जाहीरपणे उन्हाळ्यात साजरा होऊ लागला. पाचवे जॉर्ज खरोखरच ३ जूनचे, त्यामुळे त्यांचा प्रश्न आपोआप मिटला. पण सहावे जॉर्ज डिसेंबरचे, एलिझाबेथ एप्रिलच्या आणि आताचे चार्ल्स पुन्हा नोव्हेंबरचे. संचलन मात्र जूनमधल्या शनिवारीच. राज्यारोहणाच्या वर्धापनांचंही तसंच. एलिझाबेथ गादीवर आल्या ६ फेब्रुवारी १९५२ला. तो त्यांच्या वडिलांचा मृत्यूदिन आणि ऐन थंडीही, म्हणून मोठे उत्सव जूनवर ढकलले गेले. २०१२ आणि २०२२ मध्ये तर त्यासाठी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारची सार्वजनिक सुट्टीही जूनमध्ये नेली.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात नशीब बरं असावं. ती बाहेर पडली की ऊन पडतं असा लोकांचा समज होता आणि स्वच्छ दिवसाला ‘राणीचं हवामान’ म्हणायची पद्धत पडली. २२ जून १८९७ला, हीरक महोत्सवाच्या सकाळी, लंडनवर ढग होते. मिरवणूक निघायच्या सुमारास ऊन आलं आणि समज आणखी घट्ट झाला. त्याच दिवसाची मराठी माणसाची आठवण वेगळी आहे. पुणं प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने हैराण होतं. महोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेग अधिकारी रँड गणेशखिंडीच्या राजभवनातून परतत असताना रात्री चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. साम्राज्याचा उत्सव सगळीकडे सारखाच साजरा झाला नव्हता.

कुटुंबांच्या उत्सवाची सुरुवात मात्र राजामुळे झाली नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये गल्लोगल्ली मुलांसाठी ‘शांततेचा चहा’ ठेवला गेला. रस्ता अडवायचा, शाळेतली किंवा चर्चच्या हॉलमधली लांब टेबलं आणून मधोमध मांडायची, या घरातून त्या घरापर्यंत पताका बांधायच्या आणि पोरांना सँडविच, केक, जेली खाऊ घालायची. बायकांनी घराघरात वाटून स्वयंपाक करायचा. मग शर्यती. आपल्याकडच्या लिंबू-चमच्यातलं लिंबू तिथे अंडं असतं, एवढाच फरक. हा साचा इतका सोयीचा निघाला की पाचव्या जॉर्जच्या १९३५च्या रौप्यमहोत्सवाला, सहाव्या जॉर्जच्या १९३७च्या राज्याभिषेकाला आणि १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर तोच वापरला गेला.

पण पावसाचा राजसोहळा म्हटलं की आजही नाव निघतं ते २ जून १९५३चं, एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचं. आदल्या रात्री बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणाऱ्या ‘द मॉल’ या रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक पोराबाळांसह घोंगड्या आणि वर्तमानपत्रं अंथरून फुटपाथवरच झोपले. रात्रभर पाऊस, त्यात जूनला न शोभणारी थंडी. पहाटे एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी येऊन थडकली आणि भिजलेली गर्दी उठून नाचायला लागली. राणी सोन्याच्या रथात कोरडी होती. परदेशी पाहुण्यांनीही बग्ग्यांचे टप वर ओढून घेतले. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांच्या सालोटे राणीने मात्र टप चढवू दिला नाही. धिप्पाड बांध्याची ही बाई धो धो पावसात हसत, हात हलवत भिजत गेली आणि एका दुपारीत लंडनची लाडकी झाली. तिच्यासमोर बसलेले मलायातल्या केलंतानचे सुलतानही नाइलाजाने भिजले. त्यांच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पना करायला मला नेहमीच आवडतं.

घरी राहिलेल्यांची मजा निराळी. सुमारे दोन कोटी लोकांनी तो सोहळा टीव्हीवर पाहिला, आणि ज्याच्या घरी संच त्याच्या दिवाणखान्यात सगळी आळी. रेशनिंग पूर्ण उठलं नव्हतं, पण या निमित्ताने माणशी एक पौंड जादा साखर मिळाली होती. केक झाले ते त्यावर. पावसामुळे बऱ्याच गल्ल्यांतली टेबलं चर्चच्या हॉलमध्ये, गॅरेजमध्ये हलवावी लागली. परदेशी पाहुण्यांच्या मेजवानीसाठी लंडनमध्ये पाककलेची शाळा चालवणाऱ्या रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांनी एक थंड पदार्थ बसवला होता: उकडलेली कोंबडी, मेयोनेझ, जर्दाळूचा गर आणि करी पावडर. आपल्या स्वयंपाकघरात करी पावडर नावाची वस्तूच नसते, पण ‘कॉरोनेशन चिकन’ तिथे आजही सँडविचमध्ये भरून विकलं जातं. आदल्या दिवशी करून ठेवता येतं आणि डब्यातून पावसात नेलं तरी बिघडत नाही, ही त्याची खरी ताकद.

पुढे एलिझाबेथ राणीचा १९७७चा रौप्यमहोत्सवही गारठ्यात आणि सरींत गेला. ३ जून २०१२ला, तिच्या हीरक महोत्सवात, तर कहर झाला. थेम्सवर सुमारे हजार बोटींची मिरवणूक, काठावर रेनकोट घातलेली कुटुंबं, आणि पाऊस असा की नौदलाच्या हेलिकॉप्टरांची सलामी रद्द करावी लागली. शेवटच्या बोटीवर गायकांचा ताफा नखशिखांत भिजून गात होता. ८६ वर्षांच्या राणीसाठी आणि नव्वदीतल्या फिलिप यांच्यासाठी खास खुर्च्या ठेवल्या होत्या, पण दोघं जवळजवळ सगळा वेळ उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी फिलिप रुग्णालयात दाखल झाले. कारण मूत्राशयाचा संसर्ग होतं, पण लोकांनी दोष पावसालाच दिला.

सवयीची कुटुंबं आता आभाळाकडे बघत बसत नाहीत. घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, पोरांना पातळ प्लास्टिकचे अंगरखे, आणि छत्री शक्यतो नाहीच, कारण मागच्यांना दिसत नाही. एलिझाबेथ राणी वापरायची ती घुमटासारखी पारदर्शक छत्रीही त्याच हिशोबाने: राणी भिजू नये, पण लोकांना दिसावी. गल्लीत जेवण घालायचं तर काही आठवडे आधी काउन्सिलकडे रस्ता बंद करण्याचा अर्ज, शेजाऱ्यांची संमती आणि जवळचा एखादा हॉल राखून ठेवलेला. ६ मे २०२३ला चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाला पुन्हा पाऊस आला. राजा-राणी वातानुकूलित नव्या बग्गीतून वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये गेले, हवाई सलामी छाटून हेलिकॉप्टर आणि हवाई दलाच्या ‘रेड ॲरोज’ या कसरती विमानपथकापुरती उरली, आणि मॉलवरची कुटुंबं दिवसभर निथळत राहिली. गल्लीतली जेवणं दुसऱ्या दिवशी, रविवारी होती. त्या दिवशी विंडसरला छान ऊन पडलं.