फेनिटॉइनची अर्धी गोळी

आकडी पुन्हा आली म्हणून घरच्यांनी मनानेच अर्धी गोळी वाढवली, किंवा काल रात्रीची गोळी राहिली म्हणून आज दोन घेतल्या, असे अपस्माराच्या रुग्णांच्या घरांत सर्रास ऐकू येते. त्यामागचा हिशेब सरळ असतो: औषध दीडपट घेतले की रक्तातही ते दीडपट होणार आणि गुणही त्याच प्रमाणात येणार. पुष्कळ औषधांच्या बाबतीत हा हिशेब बऱ्यापैकी जुळतोही. उदाहरणार्थ, लेव्हेटिरॅसिटॅम हे अपस्मारावरचे नव्या पिढीतील औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मात्रा दुप्पट केल्यास त्याची रक्तातील पातळी साधारण दुप्पटच होते. परंतु भारतात अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या आणि आजही दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनच्या बाबतीत हाच हिशेब घातक ठरू शकतो. त्याचे कारण यकृतात दडलेले आहे आणि ते प्रत्येक रुग्णाच्या घरी माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

फेनिटॉइन प्रथम तयार झाले १९०८ मध्ये, जर्मनीत, हाइनरिख बिल्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून. पण त्याचा उपयोग कुणालाच ठाऊक नव्हता. त्या काळी अपस्मारावर ब्रोमाइडचे क्षार आणि १९१२ नंतर फेनोबार्बिटल वापरले जाई. दोन्हींमुळे आकड्या कमी होत, पण रुग्ण गुंगीत राही. बॉस्टनमधील ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पटनम यांनी मांजरांमध्ये विजेच्या साहाय्याने आकडी निर्माण करून अनेक संयुगे तपासली आणि १९३८ मध्ये दाखवून दिले, की फेनिटॉइन गुंगी न आणता आकडी रोखते. आकडी थांबण्यासाठी मेंदू मंद व्हावाच लागतो, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

चेतापेशी संदेश पाठवते तेव्हा तिच्या आवरणातील सोडियमच्या वाहिन्या उघडतात, लगेच बंद होतात आणि क्षणभर निष्क्रिय राहून पुन्हा सज्ज होतात. आकडीच्या वेळी असंख्य पेशी एकदम आणि अतिशय वेगाने संदेश सोडत असतात. फेनिटॉइन या निष्क्रिय अवस्थेतील वाहिन्यांना चिकटते आणि त्यांचे पुन्हा सज्ज होणे लांबवते. जी पेशी जास्त वेगाने संदेश सोडते तिच्यावर त्याचा परिणाम अधिक होतो, तर नेहमीच्या गतीने काम करणाऱ्या पेशी बऱ्याच अंशी अबाधित राहतात. हे मात्र औषधाची पातळी योग्य असेपर्यंतच. ही योग्य पातळी प्रौढांमध्ये साधारणपणे रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम मानली जाते. पट्टा अरुंद आहे, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

फेनिटॉइनचा निचरा यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. यकृत ही एखादी पिठाची गिरणी आहे अशी कल्पना करावी. दळण थोडे असेल तर जितके आणावे तितके त्याच दिवशी दळून होते. पण गिरणीची दिवसाची क्षमता ठरलेली आहे. येणारे दळण त्या क्षमतेच्या जवळ गेले की डबे साठू लागतात आणि क्षमता ओलांडली तर रांग कधीच संपत नाही. बहुतेक औषधांच्या नेहमीच्या मात्रा यकृताच्या क्षमतेपेक्षा इतक्या कमी असतात, की ही मर्यादा जाणवतच नाही. फेनिटॉइनची उपचाराची मात्रा मात्र या मर्यादेच्या अगदी जवळ असते.

आता आकडेच पाहू. स्थिरावलेली पातळी काढण्याचे सूत्र असे: विकरांचा स्थिरांक गुणिले रोजची मात्रा, भागिले कमाल क्षमता वजा रोजची मात्रा. समजा, सुमारे ६० किलो वजनाच्या एका व्यक्तीची कमाल क्षमता दिवसाला ४२० मिलिग्रॅम आहे आणि तिचा स्थिरांक, म्हणजे ज्या पातळीला विकरे निम्म्या वेगाने काम करतात ती पातळी, ४ मायक्रोग्रॅम आहे. हे दोन्ही आकडे प्रौढांमध्ये सरासरीने आढळणाऱ्या आकड्यांच्या जवळचे आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी एका गोळीत १०० मिलिग्रॅम शुद्ध फेनिटॉइन आहे असे धरू. दिवसाला तीन गोळ्या घेतल्या तर छेदात १२० उरतात आणि पातळी १० वर स्थिरावते. साडेतीन गोळ्या घेतल्या तर छेदात ७० उरतात आणि पातळी २० होते. म्हणजे अर्ध्या गोळीने पातळी दुप्पट झाली. चार गोळ्या घेतल्या तर छेदात केवळ २० उरतात आणि पातळी ८० वर, विषबाधेच्या कितीतरी पलीकडे, जाते. तिसऱ्या आणि चौथ्या गोळीत औषध तितकेच आहे. बदलली आहे ती यकृतात शिल्लक राहिलेली जागा.

आणखी एक गोष्ट अशी, की ही पातळी लगेच गाठली जात नाही. याच उदाहरणात तीन गोळ्यांवर पातळी जवळपास स्थिर व्हायला आठवडाभर पुरतो. साडेतीनवर सुमारे तीन आठवडे लागतात. चारवर ती कित्येक महिने वाढतच राहू शकते. म्हणूनच मात्रा वाढवल्यावर पहिले चार दिवस रुग्ण ठीक दिसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि पुढे कधीतरी त्याचा तोल जाऊ लागतो, जीभ जड होते, एकाची दोन दिसू लागतात. तपासताना बुबुळे आडवी थरथरताना दिसतात. अशा वेळी कुणी पक्षाघाताची शंका घेते, तर कुणी माणूस प्यायला आहे असे समजते. फार चढलेल्या पातळीवर आकड्या उलट वाढूही शकतात, आणि त्या पाहून कुणी गोळी आणखी वाढवली तर काय होईल, हे वरच्या सूत्रावरून लक्षात यावे.

ब्रिस्बेन शहरातील घटना या संदर्भात प्रसिद्ध आहे. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील भरणीचा पदार्थ बदलण्यात आला. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आले. औषधाचे मिलिग्रॅम तेवढेच राहिले, रुग्णांनीही मात्रा बदलली नव्हती, तरीही अनेकांमध्ये विषबाधेची लक्षणे दिसू लागली. कॅल्शियम सल्फेटमुळे औषधाचा काही भाग आतड्यात शोषलाच जात नव्हता. लॅक्टोज आल्यावर तो शोषला जाऊ लागला. शोषण वाढल्याने यकृताची क्षमता अपुरी पडू लागली आणि पातळ्या भराभर चढल्या. औषधाच्या दुकानात ‘तेच औषध, दुसरी कंपनी’ असे म्हणून पाकीट पुढे केले जाते तेव्हा ही घटना आठवावी. स्वस्त जेनेरिक औषधाला माझा विरोध नाही. ते घ्यावे, पण एक निवडले की शक्यतो तेच सुरू ठेवावे आणि बदल करावाच लागला तर डॉक्टरांना कळवावे. लहान मुलांना दिल्या जाणाऱ्या पातळ औषधाचीही हीच गोष्ट. त्यात औषध विरघळलेले नसते, तरंगत असते; बाटली नीट हलवली नाही तर वरच्या चमच्यांत औषध कमी आणि तळाच्या चमच्यांत भरमसाट येते.

दुसरी औषधेही या विकरांच्या कामात ढवळाढवळ करतात. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण पाहता हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. क्षयावरचे आयसोनियाझिड फेनिटॉइनचा निचरा मंदावते, तर त्याच्याबरोबर दिले जाणारे रिफाम्पिसिन तो वाढवते. कोणाचा जोर अधिक ठरेल हे व्यक्तीवर अवलंबून असते. त्यामुळे क्षयाचे उपचार सुरू होताना आणि संपतानाही पातळी तपासून घेणे योग्य. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध पातळी वाढवते. उलट, फेनिटॉइनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. शिवाय रक्तातील सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले असते आणि काम करतो तो उरलेला मोकळा भाग. कुपोषणामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे अल्ब्युमिन घटले असेल तर अहवालातील एकूण आकडा योग्य दिसूनही मोकळे औषध जास्त असू शकते.

गोळी चुकली तर काय करावे? सर्वसाधारणपणे आठवण होताच घ्यावी, आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. गोळी एकाएकी बंद करणे हे सर्वांत वाईट, कारण त्यातून न थांबणारी आकडी उद्भवू शकते. किमान दोन वर्षे आकडीविना गेल्यावर डॉक्टर कधीकधी औषध कमी करण्याचा विचार करतात, तोही कित्येक महिन्यांत हळूहळू आणि प्रत्येकाच्या बाबतीत नव्हे.

आपल्या समाजात गोळ्या अचानक बंद होण्याचे एक कारण लग्न हे आहे. आजार लपवून मुलीचे लग्न केले जाते, मग सासरी गोळ्या लपवाव्या लागतात आणि त्या चुकतात. हिंदू विवाह कायद्यात लग्नातील अडसर म्हणून असलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला, तरी भीती गेलेली नाही. गर्भधारणेचा विचार असणाऱ्या स्त्रियांनी आधीच सल्ला घेणे आवश्यक आहे, विशेषतः व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे दुसरे औषध सुरू असेल तर. या औषधामुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे १० आहे आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक विकासात अडचणी येऊ शकतात. औषध बदलायचे ते गर्भ राहण्यापूर्वी. दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी सोडून देण्यात आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो.

कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने, हातात किल्ल्या दिल्याने आकडी थांबत नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जाते. याहून गंभीर प्रकार म्हणजे ‘मिरगी मुळासकट घालवणारी’ जडीबुटीची चूर्णे. अशा काही चूर्णांच्या तपासणीत चक्क फेनोबार्बिटल आढळले आहे. रुग्णाला गुण येतो तो या न सांगितलेल्या औषधाने, आणि चूर्ण संपले किंवा बंद केले की तेच औषध एकदम तुटते. म्हणून असे चूर्ण सुरू असेल तर ते न लपवता डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्या देखरेखीखालीच थांबवावे. आकडी आलीच तर रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, वेळ घड्याळात पाहावी, आणि ५ मिनिटांत ती थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली तर लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात जाताना सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि चूर्णाची पुडी सोबत न्यावी.