एक मिलिवॅटची रांगोळी

नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत विज्ञान दिनाला मुलांसाठी काहीतरी करायचं ठरलं, तेव्हा पाचवीतला एक मुलगा पटकन म्हणाला, "काका, लेझर शो करू!" पस्तीसेक मुलं, तळमजल्यावरचा छोटा हॉल आणि दिवाळीच्या वर्गणीतून उरलेले आठशे रुपये, एवढीच आमची तयारी. शेजारच्या ताईंनी लगेच हात वर केला. "पोरांचे डोळे आहेत, जपून." त्यांना काय आठवलं ते सगळ्यांना कळलं. 2023 च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमधल्या नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण आले होते, आणि ती इजा मिरवणुकीतल्या लेझरमुळे झाली होती.

ताईंची भीती रास्तच होती. पण मिरवणुकीतला लेझर आणि आम्हाला हवा असलेला लेझर यांच्या ताकदीत हजारो पटींचा फरक आहे, आणि शोची मजा त्या ताकदीत नसतेच. ती आपल्या डोळ्यांच्या संथपणात असते. हे एकदा समजलं की खर्चही उतरतो आणि धोकाही.

आधी धोक्याचं बोलू. बल्बचा उजेड चहूकडे पसरतो, त्यातला कणभर आपल्या डोळ्यात शिरतो. लेझरचा किरण पसरत नाही. तो अख्खाच्या अख्खा बाहुलीतून आत जाऊ शकतो, आणि डोळ्याचं भिंग त्याला मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढ्या ठिपक्यात गोळा करतं. बाहेरून बाहुलीवर पडलेला प्रकाश आत पडद्यावर पोहोचेपर्यंत साधारण एक लाख पट दाट झालेला असतो. शिवाय पडद्याला वेदना जाणवत नाही. भाजलं तरी दुखत नाही, म्हणून मूल रडत नाही आणि आईबापांना पत्ता लागत नाही.

म्हणून लेझरचे वर्ग ठरवलेले आहेत. डोळ्यांना दिसणारा आणि 1 मिलिवॅटपर्यंतचा किरण क्लास 2 मध्ये मोडतो. चुकून डोळ्यात गेला तर आपण पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो, आणि तेवढ्या वेळात इजा होत नाही, असा त्यामागचा हिशोब. 5 मिलिवॅटपर्यंत 3आर, 500 पर्यंत 3बी, आणि त्यापुढे क्लास 4. मिरवणुकीतल्या गाड्यांवर दिसतात ते या शेवटच्या वर्गातले, कित्येक वॅटचे. तिथे पापणी मिटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण क्लास 2 चा हिशोबसुद्धा चुकून पडलेल्या किरणाचा आहे, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. "कोण जास्त वेळ बघतो" अशी पैज मुलं सहज लावतात, आणि पैजेत पापणी मिटत नाही. त्यामुळे लेझर मुलांच्या हातात द्यायचा नाही, यावर आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही.

मग लेझर आणायचा कुठून? बाजारात पेनासारखे हिरवे लेझर शे-दोनशे रुपयांना मिळतात आणि मुलांना तेच हवे असतात. मी ते घेऊ दिले नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मापन संस्थेने 2013 मध्ये 122 पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यातले जवळपास 90 टक्के हिरवे आणि 44 टक्के लाल तिथल्या सुरक्षानियमांत बसत नव्हते. थोडक्यात, लेबलवर एक आणि आत भलतंच. हिरव्याची अडचण त्याच्या पोटातच आहे. त्यातला डायोड आधी 808 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देतो. एक स्फटिक त्याचा 1064 चा करतो आणि दुसरा तो निम्म्यावर आणून 532 चा हिरवा बनवतो. उरलासुरला अवरक्त प्रकाश अडवायला गाळणी लागते, आणि स्वस्त पेनात नेमकी तीच गाळलेली असते. न दिसणाऱ्या प्रकाशासमोर पापणी मिटत नाही. लाल लेझरमध्ये डायोडमधून थेट लालच प्रकाश निघतो, मध्ये काही भानगड नाही.

आमच्यातल्या एका भाऊंकडे ऑफिसात स्लाइड दाखवायचा चांगल्या कंपनीचा प्रेझेंटर होता, लाल, लेबलवर स्पष्ट "क्लास 2". तोच घेतला. सुटे लाल मॉड्यूलही स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यावर बहुतेक वेळा 5 मिलिवॅट लिहिलेलं असतं, आणि ते मोजायचं मीटर घरात नसतं.

लाल किरण फिका दिसतो, हे खरं आहे. आपला डोळा पिवळट हिरव्या रंगाला सर्वात जास्त दाद देतो. तेवढ्याच ताकदीचा 532 चा हिरवा किरण 650 च्या लालपेक्षा सुमारे आठ पट उजळ वाटतो. इथेच माणसं चुकतात. फिकं दिसलं की जास्त ताकदीचा लेझर आणतात. आम्ही अंधार वाढवला. हॉलच्या खिडक्यांना काळे चार्ट पेपर लावले, दारावर गोधडी टांगली, लिफ्टसमोरचा बल्ब काढला. शिवाय डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ मुलांना अंधारातच एक गोष्ट सांगितली. अंधारात बाहुली मोठी होते, मग धोका वाढला का? नाही. 1 मिलिवॅटची मर्यादा 7 मिलिमीटरची, म्हणजे पूर्ण उघडलेली बाहुली धरूनच ठरवलेली आहे.

आता संथ डोळ्यांकडे येऊ. पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. 1913 मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, पण त्याआधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना एकेक चित्र टिपून एक छोटी फिल्म केली होती. सुटी चित्रं भराभर डोळ्यांपुढून गेली की रोप हलताना दिसतं. लेझर शो याच बळावर उभा असतो. भिंतीवर खरं तर कुठल्याही क्षणी एकच लाल ठिपका असतो. तो सेकंदाला वीसेक वेळा त्याच वाटेने फिरला की डोळ्याला ठिपका दिसत नाही, अख्खी रेघ दिसते.

ठिपका फिरवायला आरसा आणि मोटर लागते. खेळण्यातली छोटी डीसी मोटर वीस-तीस रुपयांत मिळते. तिच्या दांड्यावर आरसा ग्लू गनने चिकटवायचा, पण किंचित तिरका. आरसा 2 अंश कलला की किरण 4 अंश वळतो, त्यामुळे 5 मीटरवरच्या भिंतीवर साधारण 70 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ उमटतं. आपला नेहमीचा आरसा इथे चालत नाही. त्याचा चकचकीत थर काचेच्या मागे असतो, काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परतवतो आणि प्रत्येक रेघेला एक फिकी सावत्र रेघ चिकटते. यावर फुकटचा इलाज म्हणजे बिघडलेली हार्डडिस्क. तिच्यातली तबकडी पुढूनच लखलखीत असते. डेस्कटॉपची मोठी डिस्क घ्यावी, तिची तबकडी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि पत्र्याच्या कात्रीने कापता येते. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये बऱ्याचदा काच असते, ती कापायला गेलं की तुकडे उडतात. मी रुपयाच्या नाण्याएवढे दोन गोल तुकडे कापले आणि कडा कानशीने घासल्या. चौकोनी तुकडा लावला की मोटर थरथरते.

एका मोटरने वर्तुळ मिळतं. पहिल्या आरशावरून किरण दुसऱ्या मोटरच्या आरशावर टाकला की फूल उमलतं. प्रत्येक मोटरला स्वतंत्र रेग्युलेटर लावून वेग बदलत गेलो, आणि मला सर्वात जास्त आनंद इथे झाला. एका मोटरचा वेग दुसरीच्या चौपट असेल आणि दोन्ही वर्तुळं एकाच दिशेने फिरत असतील, तर तीन पाकळ्या येतात. एका मोटरच्या तारांची फक्त अदलाबदल करा, ती उलट फिरू लागते आणि त्याच वेगांवर पाच पाकळ्या होतात. चारातून एक वजा केला की तीन, चारात एक मिळवला की पाच. सातवीतल्या मुलींनी हे गणित माझ्याआधी पकडलं. स्वस्त मोटरींचे वेग कधीच नेमके जुळत नाहीत, त्यामुळे ती रांगोळी स्वतःभोवती सावकाश गिरकी घेत राहते, आणि खरं सौंदर्य त्या गिरकीतच आहे.

हे सगळं एका जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलं. आतून काळा रंग, वर झाकण, आणि समोर फक्त तळहाताएवढी खिडकी. आरसा निखळून उडाला, मोटर थांबली, काहीही झालं तरी किरण त्या खिडकीबाहेर जाऊ नये, यासाठी हा खोका. मोटर थांबली तर फिरणारा किरण एका जागी स्थिर होतो, म्हणून "फिरतोय ना, मग काही होत नाही" असं म्हणून ताकदीचा लेझर लावणं चूक आहे. प्रेझेंटरचं बटण आम्ही चिमट्याने दाबून ठेवलं नाही. एक मोठा माणूस ते बोटाने दाबून बसला. बोट उचललं की अंधार.

खोका मुलांच्या पुढे, तोंड भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागाकडे. मुलं खोक्याच्या मागे सतरंजीवर, मध्ये दोरी. मोठ्या कार्यक्रमांत प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून किरण किमान 3 मीटर वर ठेवावा, असा अमेरिकेतला नियम आहे. आमच्या हॉलचं छतच तेवढं, म्हणून डोक्यावरून किरण न्यायचा विचार सोडला. कुणीतरी सुचवलं, पांढरी चादर लावून मागून प्रकाश टाकू. ते करू नये. कापडाच्या विणीतून सरळ किरण निसटतो आणि थेट समोर बसलेल्यांच्या डोळ्यात जातो. भिंत चुन्याची, खरखरीत हवी. त्या भिंतीवरची तसबीर आणि घड्याळ उतरवलं, कारण दोन्हींना काच होती. आरसेकाम केलेला घागरा घालून आलेल्या एका छोटीला मागच्या रांगेत मानाची खुर्ची दिली.

आदल्या रात्री मी आणि भाऊंनी एक तास तपासणीत घालवला. भाऊ आरसे हाताने सावकाश फिरवत होते, आणि मी पांढरा कार्ड पेपर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून सतरंजीच्या प्रत्येक कोपऱ्यात फिरलो. कार्डावर कुठेही लाल ठिपका दिसला तर कारण शोधायचं. एकदा दिसला, पंख्याच्या पितळी घुंडीवरून. तिच्यावर कागद चिकटवला.

गच्चीवर करायचा आग्रहही झाला होता. पण आपल्या डोक्यावरून गांधीनगरच्या लष्करी तळाची हेलिकॉप्टर जातात, आणि वैमानिकाच्या काचेवर पडलेला छोटासा किरणही त्याला काही क्षण आंधळा करू शकतो. धुराचं यंत्रही टाळलं, दोन मुलांना दमा आहे. उघडझाप करणारे दिवे तर अजिबात नाहीत. जपानमध्ये 16 डिसेंबर 1997 ला 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला बाराएक वेळा लपापला आणि जवळपास सातशे जणांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावं लागलं. त्यामुळे मोटरचा वेग कमी होऊन रांगोळी लपलपायला लागली की बोट उचलायचं, असं ठरलं होतं.

शेवटी एक खेळ ठेवला होता. पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडं कापली, एका तोंडावर फुगा ताणून बसवला आणि त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवला. तो मधोमध चिकटवला तर नुसता पुढेमागे होतो, किरण वळत नाही. कडेकडे चिकटवला की डुलतो. हा डबाही मोटरींऐवजी खोक्यातच बसवला, बोलायचं तोंड मागच्या भोकातून बाहेर, मुलांच्या बाजूला. मुलं एकेक करून त्यात बोलत होती. "आ" म्हटलं की लांबट अंडं, "ई" म्हटलं की त्याला पीळ. मग ढोल पथकात वाजवणारा वरच्या मजल्यावरचा दादा त्याचा ढोल घेऊन आला आणि डब्यापासून हातभरावर एकच थाप मारली. भिंतीवरचा ठिपका एकदम वितीएवढा ताणला गेला, दोन-तीनदा थरथरला आणि परत ठिपका झाला. "दादा, परत!" असं पस्तीस मुलं एकदम ओरडली, आणि त्या ओरडण्यानेही तो हलला.